चालता चालता बंद पडणारी गाडी: आधी काटा बघा, मग बॉनेट उघडा

चालती गाडी बंद पडली की पहिला सल्ला मिळतो, 'पेट्रोलमध्ये पाणी असेल'. दुसरा, 'पंप बदलून टाका'. दोन्ही खरे ठरू शकतात. पण अंदाजानं पार्ट बदलत गेलं की बिल वाढतं आणि साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या चढावर गाडी पुन्हा तशीच उभी राहते. गाडी बंद कशी पडली, हे त्याच वेळी टिपून ठेवा. इंजिन थंड होऊन सुरू झालं की निम्मा पुरावा गेला.

अर्थात आधी जीव. इंजिन थांबलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. चारही इंडिकेटर लावून कडेला घ्या. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा.

आता काटा. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये असताना बंद पडली, तर क्लच दाबेपर्यंत चाकं इंजिनाला फिरवत असतात. म्हणजे आरपीएमचा काटा वेगाबरोबर हळूहळू उतरायला हवा. तो एकदम शून्यावर पडला, तर गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय का, किती वेगानं, हे कॉम्प्युटरला सांगणारा), नाहीतर मेन रिले (कॉम्प्युटरला सप्लाय देणारा विजेचा स्विच), इग्निशन स्विच किंवा अर्थिंगवर. काटा नीट उतरतोय, पण त्याआधी पिकअप गेला, गाडीनं दोन-चार झटके दिले, तर पेट्रोल कमी पडतंय.

सुरू करण्याआधी चावी नुसती ऑन करा आणि मागच्या सीटकडे कान द्या. पंपाची साधारण दोन सेकंद घरघर ऐकू यायला हवी. इंजिन चेक लाइट लागलाच नाही तर कॉम्प्युटरला सप्लाय नाही. फ्यूज आणि मेन रिले बघा. पंपाचा आवाज नसेल तर त्याचा रिले बदलून बघा. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले बऱ्याचदा त्याच नंबरचा असतो.

गरम झाल्यावर बंद, पंधरा-वीस मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी सुरू: क्रँक सेन्सरचं हे ठरलेलं लक्षण. दोन वायरींच्या सेन्सरमध्ये केसासारख्या तारेची कॉइल असते. तार आत कुठंतरी तुटलेली असते. उष्णतेनं टोकं दूर जातात, थंड झाली की परत टेकतात. म्हणून गॅरेजमध्ये थंड सेन्सर मोजला की तो पासच होतो. सेन्सर काढून मल्टिमीटर ओहमवर लावा आणि केस वाळवायच्या ड्रायरनं तापवा. आकडा थोडा वाढणं साहजिक आहे. तो एकदम गायब झाला तर सेन्सर गेला. तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) असतो, तिथं ओहमचा काही उपयोग नाही. गाडी बंद असतानाच स्कॅनर लावून सेल्फ मारा आणि लाइव्ह डेटात आरपीएम येतो का बघा. स्कॅनरवर क्रँक सेन्सरचा पी०३३५ कोड मिळाला तरी थेट सेन्सर मागवू नका. तो कोड पूर्ण सर्किटचा आहे. कप्लरमध्ये (वायरीच्या जोडात) तेल उतरलंय का, वायर सायलेन्सरला घासतेय का, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का, हे आधी. आणि हा पार्ट स्वस्तातला डुप्लिकेट घेऊ नका, चार महिन्यांत तेच दुखणं परत येतं.

पंपावर ठपका ठेवण्याआधी दोन मापं घ्या. पहिलं, पंप चालू असताना त्याच्या कप्लरवरचा व्होल्टेज. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर दोष रिले, वायर किंवा अर्थचा. दुसरं, रेलवरचं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं प्रेशर. साध्या एमपीएफआय (सिलिंडरबाहेर पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत ते बहुधा तीन-साडेतीन बारच्या आसपास असतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. उभ्या गाडीत ठीक दिसून चढावर कोसळत असेल तर पंपाची जाळी तुंबलीय किंवा पंप थकलाय. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद होऊ द्या, मग बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. जवळ आग नको. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) हाय प्रेशर लाइनला घरी हात लावूच नका. आणि कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, पंप टाकीतल्या पेट्रोलनंच थंड राहतो.

पाण्याचा संशय असेल तर पारदर्शक बाटलीत नमुना काढून ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी सामावून घेतं. पाणी वाढलं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि पंपाची जाळीही तळाशीच. बाटलीत दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा.

अॅक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर, सिग्नलला थांबताना बंद पडते ती गोष्ट वेगळी. तिथं थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवरचा) काळा थर किंवा फाटलेला व्हॅक्यूम पाइप बघा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी चावी ऑन असताना बोटानं ढकलू नका. साफ केल्यावर आयडल लर्निंग करून घ्या, म्हणजे कॉम्प्युटरला पाय न देता इंजिन किती फिरवायचं हे पुन्हा शिकवा.

बॅटरीची टोकं हातानं हलवून बघा, हलली तर आधी तीच घट्ट करा. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. डिझेल गाडीत फिल्टरमधलं पाणी काढा आणि पारदर्शक पाइपमध्ये हवेचे बुडबुडे दिसतात का पाहा.

दुरुस्तीनंतरची ट्रायल साताऱ्यातल्या पोवई नाक्यापर्यंत जाऊन येण्याची नको. दुपारच्या उन्हात एसी लावून यवतेश्वर किंवा पसरणीचा घाट चढा, वर पोहोचून इंजिन दहा मिनिटं बंद ठेवा. वारा आणि पंखा थांबल्यामुळं त्या दहा मिनिटांत सेन्सरच्या आजूबाजूची उष्णता आणखी वाढते. तेव्हा सेल्फ मारा. पहिल्या झटक्यात सुरू झाली, तर बाकीचे पैसे देऊन गाडी घरी न्या.