"तिला ऐकू येतं, फक्त माझंच ऐकायचं नसतं"

आई सत्तरीच्या, मुलगी पंचेचाळिशीच्या आसपास. दोघींनी मध्ये एक खुर्ची रिकामी सोडली होती. मी काही विचारायच्या आतच मुलगी म्हणाली, "तिला ऐकू येतं, फक्त माझंच ऐकायचं नसतं." आई म्हणाल्या, "ही पुटपुटते."

ऑडिओलॉजिस्ट म्हणून, म्हणजे लोकांचं ऐकणं तपासताना, ही दोन वाक्यं मी जोडीनेच ऐकत आले आहे. दोन्ही खरी वाटतात, कारण वयाबरोबर कान सगळा एकदम जात नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स्वर पोचतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजनं गळतात. कुणीतरी बोललं हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. शेजारच्या खोलीतलं भांडं पडलेलं ऐकू येतं, म्हणून घरच्यांना वाटतं की हे मुद्दाम चाललंय.

ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीतला आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो त्याचा आलेख, तसाच आला. खालच्या पट्टीत, ५०० हर्ट्झला, २५ डेसिबल पुरत होते; वरच्या पट्टीत, ४००० ला, थेट ६५ लागत होते. दोन्ही कान सारखेच.

मग मी मुलीला शब्द वाचायला सांगितलं, ओठांपुढे कागद धरून. ती 'सात' म्हणाली, आई 'हात' म्हणाल्या. 'फळ'चं 'कळ' झालं. प्रत्येक शब्दाला आई पुढे झुकत होत्या, कपाळावर आठ्या घालून, परीक्षेला बसल्यासारख्या. मुलीचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. दहाव्या शब्दाला तिने कागद खाली ठेवला.

आलेख दाखवत मी म्हटलं, "हे गेल्या चार-पाच वर्षांतलं असावं." मला हायसं वाटलं होतं. दोष कानाचा निघाला की घरातली माणसं सुटतात, असं मला फार मनापासून वाटतं.

"आणि त्याआधीची वीस वर्षं?" मुलगी आलेखाकडे बघत म्हणाली.

त्याचं उत्तर माझ्याकडच्या कुठल्याच यंत्रात नव्हतं. घाईघाईने सगळं कानावर ढकलायला नको होतं, हे तेव्हा कळलं.

आईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाली ती?"

सांगणं सोपं होतं. मी सांगितलं नाही. मुलीला म्हटलं, "तुम्हीच सांगा. समोर बसून, सावकाश. ओरडू नका, ओरडल्याने शब्द आणखी फाटतात."

"काही नाही," मुलगी म्हणाली.

"हे 'काही नाही' मला नेहमी नीट ऐकू येतं," आई म्हणाल्या. रागाने नाही. दमल्यासारख्या.

श्रवणयंत्राची चाचणी व्हायची होती. मी दोन्ही यंत्रं बसवून आवाज जुळवला आणि टेबलावरून फाइल उचलली. मुलीने मधली रिकामी खुर्ची बाजूला सरकवली आणि आपली आईसमोर ओढली. बराच वेळ ती नुसती आईच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मला तुला एक विचारायचंय. खूप जुनं आहे."

"विचार," आई म्हणाल्या.

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि पुढच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं.