गरोदरपणात चहातलं कॅफिन मोजताना: माझा अनुभव

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाल्या, "दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत कॅफिन. चहा सोडू नका, मोजून प्या." कॉफी त्याच दिवशी बंद केली. अडलं ते चहापाशी, कारण मोजायचं कसं?

सीटीसी, म्हणजे नेहमीच्या दाणेदार चहा पावडरीच्या पाकिटावर सगळं होतं, कॅफिन नव्हतं. सासूबाईंनी ग्रीन टी आणला. त्यावर 'अँटिऑक्सिडंट्सनी भरपूर' असं ठळक अक्षरांत, कॅफिनचं नाव नाही. म्हणून कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करत माणूस मिळाला, तर त्याने बॅच नंबर मागितला. "माल खराब निघाला का?" नाही, एका कपात कॅफिन किती ते हवंय. तशी नोंद करायची सोयच त्याच्याकडे नव्हती, म्हणून तक्रार लिहून घेतली. उत्तर आलं: 'आमचा चहा पूर्णपणे नैसर्गिक आहे.' अहो, कॅफिनही नैसर्गिकच असतं! पुन्हा फोन, पुन्हा बॅच नंबर. शेवटी म्हणाले, पाकीट बदलून देतो. आकडा मिळालाच नाही. गरोदर बाईने हे कुणाला विचारायचं? मला आजही याचा राग येतो.

वाट सापडली ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांत. १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन. मी वरचा आकडा धरला. तीन छोटे कप, १९५. बसलं! आधी घरातला कप मापाने भरून बघा, आमच्या मगात दीड कप मावत होता.

ग्रीन टी म्हणजे बिनकॅफिनचा, हे डोक्यातून काढा. दोन्ही चहांचं झाड एकच. हिरव्या चहाची पानं लगेच वाफवतात किंवा भाजतात, म्हणून त्यातले कॅटेचिन नावाचे अँटिऑक्सिडंट टिकतात. काळ्या चहात, म्हणजे आपल्या नेहमीच्या पावडरीत, त्यांचे थिआफ्लेविन वगैरे दुसरे अँटिऑक्सिडंट होतात. अँटिऑक्सिडंट दोन्हींत आहेत, कॅफिनही दोन्हींत. चहा कडक उकळला की ते जास्त उतरतं. चॉकलेट आणि कोलाही हिशोबात धरा.

हे आधीच सांगायला हवं होतं: लोहाची गोळी आणि जेवण यांच्या आधी-नंतर तासभर चहा नको, अगदी ग्रीन टीसुद्धा. चहातले टॅनिन, म्हणजे तुरट घटक, लोह अंगी लागू देत नाहीत. मी गोळी लिंबूपाण्याबरोबर घेत होते.