वजन तेवढंच, पण अंगावरचं मांस झडलेलं : अप्पांच्या डायलिसिसचा अनुभव

अप्पांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा घरात सगळ्यांचं लक्ष क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडाचं काम किती बिघडलंय ते सांगणाऱ्या रक्तातल्या आकड्यावर. दापोलीजवळच्या आमच्या गावातून आठवड्यातून तीनदा सेंटरला जायचं, चार चार तास मशीनवर काढायचे, की घरी आल्यावर ते पडवीतल्या बाकावर आडवे. महात्मा फुले योजनेमुळे खर्चाची चिंता हलकी झाली होती. पण अप्पा वाळत चालले होते. कानशिलं खोल गेली, अंगठ्याच्या बुडाशी असतो तो फुगीर भाग सपाट झाला, बागेत खाली बसले की उठवायला कोणीतरी लागे. आणि काट्यावर वजन जवळजवळ तेवढंच!

हे कोडं डॉक्टरांनी उलगडलं. जादा पाणी निघून गेल्यावर राहतं ते ‘ड्राय वेट’. मशीन किती पाणी ओढणार ते त्यावरून ठरतं. मांस झडलं आणि ड्राय वेटचा आकडा जुनाच राहिला, तर झडलेल्या मांसाइतकं पाणी अंगातच मुरतं. रात्री आडवं पडल्यावर लागणारी धाप आणि पायांवरची सूज त्यातलीच. त्यांनी तो आकडा हळूहळू खाली आणला, तशी धाप कमी झाली.

पण मांस झडत का होतं? येणारा-जाणारा म्हणे, ‘खात नाहीत हो, म्हणून.’ ते अर्धंच खरं. नुसत्या उपासात शरीर काही दिवसांनी चरबी जाळायला लागतं आणि स्नायू जपतं. दीर्घ आजारात ती काटकसर मोडते. पेशीत जुन्या, बिघडलेल्या प्रथिनांना युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं यंत्र त्यांचे तुकडे करतं. हे काम उलगडणाऱ्या चिएखानोवर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मूत्रपिंड निकामी झालं की रक्तातलं आम्ल वाढतं, शरीरात आतल्या आत दाह (इन्फ्लमेशन) धुमसत राहतो, इन्सुलिनचं चालेनासं होतं. मग ही यंत्रणा धडधाकट स्नायूंवरही चालते आणि नवी बांधणी मागे पडते. जळण शिल्लक असताना घराचे वासे काढून चुलीत घालावेत, तसं. शिवाय डायलिसिसच्या प्रत्येक खेपेला काही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, पाण्याबरोबर निघून जातात.

डायलिसिससाठी अप्पांच्या मानेत बसवलेल्या नळीला, कॅथेटरला, जंतुसंसर्ग होऊन हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा हे डोळ्यांदेखत घडलं. थोड्या दिवसांत मांड्या निम्म्या दिसायला लागल्या. पुढे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला वापरात आला, कॅथेटर निघालं, आणि ती भीती गेली. रक्तातलं आम्ल आवरणारं बायकार्बोनेट 22 च्या खाली होतं, म्हणून सोडाबायकार्बच्या गोळ्या सुरू झाल्या.

आहाराचं मात्र समजावून सांगावं लागलं, विशेषतः आईला. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी खायला सांगितली होती आणि ते त्या वेळी योग्यच होतं. डायलिसिस लागल्यावर नियम फिरतो. किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या अप्पांना दिवसाला 50 ते 60 ग्रॅम. शेजारच्या काकू मायेने पेज घेऊन येत, पण निव्वळ पेजेवर एवढं भरत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी अंड्याचा पांढरा बलक आणि ताजी मासळी सांगितली. मग हर्णैच्या लिलावातला बांगडा, सुरमई घरी यायला लागली. तिखट-मीठ कमी, तुकडे लहान. सुकी मासळी मिठामुळे बंद, शहाळं पोटॅशियममुळे बंद. दारात माड असताना शहाळं बंद, हे अप्पांना सगळ्यात जड गेलं.

नुसतं खाऊन स्नायू धरत नाहीत, त्यांना काम लागतं. फिजिओथेरपिस्टने खुर्चीवरून हात न टेकता उठायला शिकवलं. पुढे घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधून पाय उचलायचा, मशीनवर असतानाही, पहिल्या दोन तासांत. अप्पा कुरकुरत, पण करत.

आता ते माडाखालून स्वतः उठतात. पाखाडी चढताना मध्ये थांबावं लागतंच. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी मांड्या चाचपल्या, सूज पाहिली आणि ड्राय वेट अर्ध्या किलोने वर नेलं. या वेळी भर पाण्याची नव्हती. तुमच्या घरी कुणी मशीनवर असेल, तर ड्राय वेट शेवटचं कधी पाहिलं, हे पुढच्या खेपेला विचारा.