आमची वाटचाल : आधी काम, मग दागिना

सांगलीतल्या आमच्या दुकानात ठुशी मिळत नाही. मोहनमाळ, बोरमाळ, वज्रटीक यांपैकी काहीच मिळत नाही. कुणी विचारलंच तर आम्ही सरळ सराफ कट्ट्यावर पाठवतो. तिथं ते काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय आणि आमच्यापेक्षा सरस होतं. आमच्याकडे मिळतात कमरेला किल्ल्या अडकवायचे छल्ले, साखळीची बटणं, कानवेल, कडी-कोयंड्याचं कडं, शिवळीची साखळी. म्हणजे अंगावर चढल्यावर ज्यांना काहीतरी काम असतं असे डाग (दागिने). हा हट्ट आला कुठून, हे गिऱ्हाईक हमखास विचारतं आणि गर्दीच्या वेळी एवढं सांगत बसता येत नाही. म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

मूळ गाव विट्याच्या बाजूला. खानापूर-आटपाडी काय किंवा शेजारचं साताऱ्यातलं माण-खटाव काय, पावसाचा भरवसा नसलेला सगळा मुलूख. त्यामुळे घरटी एक माणूस गलाईला बाहेर, ही आमच्याकडची रीत. देशात जिथं सराफ बाजार आहे तिथं मागच्या गल्लीत भट्टी पेटवून बसलेला आमच्याकडचा कुणीतरी सापडतोच. वडील असेच दक्षिणेत गेले. आजोबा मात्र गावातच राहिले. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी, ऐरण, फुंकणी आणि तार ओढायचं जंतर (भोकांची पोलादी पट्टी) एवढ्या संसारावर ते शेतकऱ्यांची कामं करायचे. करदोटे, छल्ले, सदऱ्याची बटणं, कानकोरणी. बेंदराच्या आधी बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्याही करून द्यायचे, आणि सोन्याच्या कामाइतक्याच मन लावून.

गलाई म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मोडीत आलेल्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून ते आटवायचं आणि मग नायट्रिकच्या तेजाबात उकळायचं. चांदी आणि तांबं विरघळून जातं, सोन्याला तेजाब लागत नाही. तळाला तपकिरी भुकटी उरते, ते शुद्ध सोनं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते सोनं वाटतच नाही. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की विरघळलेली चांदी तिच्यावर करड्या गाळासारखी जमून परत मिळते. वडिलांची अख्खी उमेद या धुरात गेली. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं कायमची पिवळी पडलेली होती.

मोडीत काय येतं, हे बघायला गलाईवाल्यासारखी जागा नाही. वडील सांगायचे, एका काळात छल्ले आणि सोन्याची बटणं पिशव्या भरभरून यायची. नऊवारी गेली, किल्ल्या पर्समध्ये गेल्या, शिवलेल्या बटणांचे शर्ट आले. ठुशी मोडायला आणताना बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं, छल्ला आणताना कुणाला काही वाटायचं नाही. त्याचं काम संपलेलं होतं. वडिलांना मात्र त्यातले काही आटवायला जीव होत नसे. वजनाचे पैसे स्वतः भरून ते डाग बाजूला ठेवायचे. सांगलीला परत आले तेव्हा एका डब्यात ते सगळं होतं. त्या डब्याला आम्ही आजही नमुन्यांचा डबा म्हणतो.

त्यातला एक छल्ला बघण्यासारखा आहे. वर पोपटांची जोडी कोरलेली पट्टी, मागे कमरेत खोचायचा चपटा आकडा, खाली तीन साखळ्या आणि किल्ल्यांची कडी. पोपट सगळेच बघतात. मी गिऱ्हाइकाला आकडा बघायला लावतो. तो वर जाड आहे आणि टोकाकडे पातळ होत गेलाय, म्हणजे खोचताना अडत नाही आणि जुडग्याच्या ओझ्याने वाकतही नाही. दोन्ही कडा कानशीने गोल केल्यात, नाहीतर लुगड्याचा धागा ओढला गेला असता. पोपट काढून टाकले तरी छल्ला चालेल. आकडा चुकला तर पोपट विहिरीत पडतील, किल्ल्यांसकट.

मी स्वतः मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर होतो. दागिन्यांकडे वळलो तो पुस्तकांमुळे. परदेशी घराण्यांचे नावाजलेले दागिने बघताना मला त्यात हिऱ्यांआधी मशीनचे भाग दिसायला लागले. बुल्गारीचं सापासारखं मनगटाला वेढे घेणारं घड्याळ घ्या. त्याचा पट्टा म्हणजे चक्क गॅसच्या लवचिक नळीची रचना. कार्तिएचं लव्ह ब्रेसलेट १९६९ सालचं, आल्दो सिपुल्लोने न्यूयॉर्कमध्ये केलेलं. ते बसवायला आणि काढायला पेचकस लागतो. त्याच माणसाने १९७१ मध्ये वाकवलेल्या खिळ्याचं कडं केलं. एर्मेसची जाड साखळी आली १९३८ मध्ये. रोबेर द्युमाने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर बोटींच्या नांगराची साखळी बघितली आणि तीच चांदीत आणली. त्या साखळीच्या प्रत्येक कडीत मधोमध आडवी दांडी असते. ताण आला की कडी चेपू नये आणि साखळीला पीळ पडून गुंता होऊ नये, म्हणून जहाजावर ती लागते. हातात घालणाऱ्याला ती नक्षी वाटते.

व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सचा झिपचा हार तर कहर आहे. कल्पना १९३८ च्या सुमाराची, डचेस ऑफ विंडसरने सुचवलेली असं सांगतात. प्रत्यक्ष हार व्हायला १९५० उजाडलं. चेन खरोखर सरकते. उघडी असली की गळ्यातला हार, मिटली की हातातलं ब्रेसलेट. सोन्यात असे दात कापून ते न अडकता सरकवायचे, हे किती अवघड आहे ते ज्याने कधी गिअर कापलाय त्यालाच कळेल.

घड्याळांतही तेच. १९०४ मध्ये सांतोस-द्युमों या वैमानिकाला हवेत उडताना खिशातलं घड्याळ काढता येईना, म्हणून कार्तिएने त्याला मनगटावरचं करून दिलं. त्या घराण्याचं टँक घड्याळ १९१७ चं, पहिल्या महायुद्धातल्या रेनॉ रणगाड्याचा वरून दिसणारा आकार घेतलेलं. रोलेक्सच्या काचेभोवतीची खाचांची कड आज सोन्यात नुसती चमकते. पूर्वी ती खाचांत अवजार बसवून केसवर आवळायची असायची, म्हणजे आत पाणी जाऊ नये. नटाला पाना लावतात त्यातलाच प्रकार.

माझं मत विचाराल तर या सगळ्यांत खिळा मला कमी आवडतो. लव्हचा स्क्रू अजून स्क्रूचं काम करतो, झिप अजून उघडते-मिटते. खिळा मनगटावर काहीच ठोकत नाही, तो खिळ्याचं चित्र झालाय. किर्लोस्करवाडी आमच्यापासून जवळ, त्यामुळे लोखंडी नांगराच्या फाळाचं पेंडंट करा, असं किती जणांनी सुचवलं असेल. फाळाचं काम जमीन फोडायचं, गळ्यात तो काय फोडणार? नाही केलं.

त्याऐवजी शिवळ घेतली. जुवाच्या भोकात घालतात ती खुंटी, बैलाची मान जागेवर ठेवणारी. सोन्याच्या साखळीच्या एका टोकाला आडवी शिवळ, दुसऱ्याला कडी. शिवळ उभी करून कडीतून घालायची आणि सोडून द्यायची. साखळीच्या वजनाने ती आडवी होते आणि मग सुटत नाही. खिशातल्या घड्याळाच्या साखळीला बंडीच्या काजात अडकवायला अशीच दांडी असायची. यात सगळा खेळ मापाचा आहे. शिवळ कडीच्या आतल्या मापापेक्षा पुरेशी लांब हवी, पण इतकी नको की घालताना साखळीची शेवटची कडी अडेल. म्हणून शिवळीलगतच्या दोन कड्या आम्ही मुद्दाम बारीक ठेवतो. एका मोठ्या शहरातल्या शोरूमने हे नमुने मागवून घेतले, पैसे महिनोन्‌महिने रखडवले आणि नंतर तसाच माल स्वतः काढला. शिवळ नुसती दिसायला, आत चुंबक. भांडायला गेलो नाही. आमच्या साखळ्या दुरुस्तीला फारशा येत नाहीत, त्यांच्या मात्र आमच्याकडे येतात.

बुल्गारीच्या त्या गॅसच्या नळीने बराच काळ दमवलं, पण शेवटी वडिलांची विद्या कामाला आली. ती रचना अशी : कडा दुमडलेल्या सोन्याच्या लांब पट्ट्या तांब्याच्या किंवा लाकडाच्या गाभ्याभोवती अशा गुंडाळायच्या की एकीची कड दुसरीत अडकेल. डाख, म्हणजे धातूचा सांधा, कुठंही नाही. मग आतला गाभा काढायचा. तांब्याचा असेल तर तेजाबात विरघळवायचा. हे वाचलं तेव्हा वडील जेवत होते. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग यात नवीन काय? गलाईच आहे ही." अठरा कॅरेटचं गुंडाळलेलं काम त्यांनी स्वतः तेजाबात सोडलं. तांबं हिरवंनिळं होऊन निघून गेलं आणि नळी सापासारखी हलायला लागली. चांदीत हे चालत नाही, कारण नायट्रिक चांदीलाच खातं. तिथं आम्ही लाकडाचा गाभा वापरतो.

अडचण निराळीच निघाली. आपल्या माणसाला बावीस कॅरेट हवं, आणि बावीस कॅरेट इतकं नरम की नळीला उसळी राहत नाही. एकदा ताणली की ढिली ती ढिलीच. अठरा म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो, मोडीला किती येतील हा हिशेब डोळ्यांसमोर उभा राहतो. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, त्याने आमचं काम सोपं केलं. अठरा म्हणजे अठराच, हे आता डागावरच लिहिलेलं असतं. डाख नसल्यामुळे कस टोकापासून टोकापर्यंत सारखा, हेही पटवता येतं. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्यापासून तर लोक आपण होऊन अठराबद्दल विचारायला लागलेत.

सगळ्यात जास्त काय खपतं? कानवेल. ज्याला आम्ही डिझाइन म्हणून हातसुद्धा लावला नव्हता. नाकापेक्षा मोती जड अशी म्हण आहे, पण खरा भार सोसतो तो कान. लग्नसराईत मुली तळहाताएवढे झुमके घालतात आणि चार तासांत कानाची पाळी लाल होते. वेल झुमक्याला अडकवून केसांत खोचला की अर्धं वजन केसांवर जातं. एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या, त्यांच्या दोन्ही पाळ्या ओघळून भोकांच्या चिरा झालेल्या. नातीला नुसती नक्षी म्हणून मोत्यांची सर हवी होती. आजींनी सगळ्या सरी बाजूला सारल्या, एक वेल उचलला, दोन बोटांत धरून खाली खचकन ओढून बघितला आणि म्हणाल्या, "हा दे. ह्याचा आकडा उलटत नाही." तेव्हापासून काउंटरवर प्रत्येक वेल आम्ही असाच ओढून दाखवतो.

पुराचं लिहायलाच हवं. कृष्णेची आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सोनं-चांदी आधीच हलवली होती, ती वाचली. राहिली ती अवजारं. जंतरं, ठसे, कानशी, आजोबांची ऐरण. चिखलातून काढली तेव्हा पोलादावर गंजाचा थर. ठसे पुन्हा कोरून घेता आले, जंतराची भोकं मात्र गंजली की गेली. तार ओरखडे घेऊनच बाहेर येते. कारखाना तिथून उचलून विश्रामबागेकडे उंचावर नेला, दुकान जुन्याच जागी ठेवलं. २०२१ ला पुन्हा पाणी चढलं तेव्हा निदान हत्यारं कोरडी होती.

आता मुलगी धंद्यात आली आहे. तिचा ओढा मिरजेकडे. तिथल्या तंबोऱ्यांना ब्रिजच्या खाली तारेत मणके ओवलेले असतात. खुंटी पिळून सूर जवळ आणायचा आणि मग मणका केसभर वर-खाली सरकवून तो पक्का करायचा. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण हा एवढासा मणका कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्या लक्षात आला. तिचं म्हणणं, हाराची लांबी गळ्याप्रमाणे कमी-जास्त करायला मागे असाच मणका ठेवू. साडीवर हार आखूड हवा, कुर्त्यावर लांब. सोनाराकडे जाऊन कड्या वाढवायची गरजच नको.

रेशमी गोफावर तो मणका झकास बसतो. सोन्याच्या साखळीवर अजून घसरतो. गुळगुळीत धातूवर गुळगुळीत धातू, धरणार कशाला? आतून रेशीम भरून बघितलं, घामाने ते फुगलं. सध्या आत बारीक पोलादी स्प्रिंग घालून चाललंय, पण सोन्याच्या डागात पोलाद घातलं की हॉलमार्कचा प्रश्न येतो. त्यामुळे स्प्रिंगही अठरा कॅरेटचीच करावी लागेल आणि ती घडवणारा कारागीर आमच्याकडे एकच आहे. दिवाळीपर्यंत जमलं तर दुकानात ठेवू. तोवर गोफावरचा मिळेल.