'ईक आउट'ला मराठीत काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे नव्या अनुवादकांचे फोन येतात. "ताई, 'ईक आउट'ला (eke out) काय लिहू?" हा प्रश्न त्यांत ठरलेला. वाक्यही ठरलेलं. कोरडवाहू मुलखातले शेतकरी 'ईक आउट अ लिव्हिंग' करत असतात. मी म्हणते, "कसंबसं पोट भरतात, असं लिही," आणि फोन ठेवते. उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे.

माझी स्वतःची पहिली गाठ फजितीची होती. 'आउट' दिसलं, तेव्हा काहीतरी बाहेर काढायचं असणार, असं धरून मी लिहिलं होतं, 'खाणकामगार तिथे उपजीविका उपसत होते.' संपादकांनी समासात एवढंच लिहिलं, "बादलीने का?"

तर, ईक. 'वीक'मधला व काढला की उच्चार झाला. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ वाढवणे, भर घालणे. 'ऑगमेंट' याच गोतावळ्यातला. 'ऑक्शन'सुद्धा, कारण लिलावात बोली चढत जाते. आपला 'ओज'ही त्याच मुळाचा. आजच्या इंग्रजीत हे क्रियापद 'आउट'चं बोट धरल्याशिवाय बाहेर पडत नाही.

नाम म्हणून मात्र ते काही कोपऱ्यांत मजेत आहे. ब्रिटनमधले मधमाश्या पाळणारे पेटीत जागा कमी पडली की एक उथळ चौकट बसवतात, तिला 'ईक' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये कुणी वारलं की मालमत्तेसाठी कोर्टाचा दाखला घ्यावा लागतो. तो मिळाल्यावर एखादं विसरलेलं बँकखातं सापडलं, तर दाखल्याला जो जोडकागद लागतो, तोही 'ईक'. आणि 'निकनेम' तर आपण रोज वापरतो. मूळ शब्द 'ईकनेम', म्हणजे वरचं, जास्तीचं नाव. 'ॲन ईकनेम' असं भरभर म्हणताना 'ॲन'मधला न पुढच्या शब्दाला चिकटला. (एप्रनचं नेमकं उलट झालं. तो आधी 'नॅप्रन' होता, त्याचा न मागच्या शब्दाने पळवला.)

त्या स्कॉटिश कागदाला मराठीत काय म्हणावं, याचा विचार करताना मला परीक्षेचा वर्ग आठवला. हात वर करून "सर, पुरवणी!" म्हणायचो, तीच ही. आणि पुरवणी सापडली की 'पुरवणं' हाताशी येतंच.

आमच्याकडे जेवणाच्या वेळेला पाहुणे टपकले की आई आमटीत तांब्याभर पाणी ओतायची, मेथीच्या भाजीत डाळीचं पीठ पेरायची. चौघांचं सहा जणांना पुरवायची. पेरलेली भाजी पुरवठ्याला येते, हे तिचं वाक्य. आहे ते थोडं आहे, त्यात दुसरं काही घालून ते लांबवायचं, हाच 'ईक आउट'चा जुना अर्थ. भाजी 'ईक आउट' केली, कशाने, तर पिठाने. गावाहून आलेला लाडवांचा डबा आई दिवाळीनंतर पंधरा दिवस पुरवायची, तेव्हा त्यात काही घालत नव्हती. रोज एकच लाडू, तोही अर्धा अर्धा. इंग्रजीत तेही 'ईक आउट'च. एकाच मराठी क्रियापदात दोन्ही अर्थ मावतात, याचा मला अजून आनंद होतो.

तिसरा अर्थ, पोट भरण्याचा, यावरून इंग्रजांतच भांडण होतं. इंग्रजी शब्दांच्या योग्य वापराचा कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलरने 1926 साली ठणकावून सांगितलं होतं की 'ईक आउट' होतो तो मूळचा साठा, त्यातून मिळणारं फळ नव्हे. म्हणजे तुटपुंजं उत्पन्न 'ईक आउट' करता येतं, उपजीविका नाही. फाउलरचं लोकांनी ऐकलं नाही. आज कोशांत दोन्ही अर्थ नांदतात आणि बातम्यांत तर उपजीविकाच जास्त दिसते. मला विचाराल तर माझं मन फाउलरकडे ओढतं, पण अनुवाद लेखकाने जे लिहिलंय त्याचा करायचा असतो.

म्हणून आता फोन आला की मी आधी विचारते, पुढे 'विथ' किंवा 'बाय' आहे का? कर्म कुठलं आहे? निवृत्त शिक्षिका पेन्शन 'ईक आउट' करत असेल आणि पुढे शिकवण्यांचा उल्लेख असेल, तर 'पेन्शनला शिकवण्यांची जोड देते'. शेतकरी उत्पन्न 'ईक आउट' करतो दोन म्हशी पाळून, तर 'शेतीला दुधाची जोड'. जोडधंदा हा शब्द आपल्याकडे गावोगावी असताना तिथे 'कसाबसा उदरनिर्वाह' लिहिणं म्हणजे त्या माणसाची हिकमत पुसून टाकणं. बर्फात अडकलेले लोक शिधा 'ईक आउट' करत असतील, तर ते तो पुरवून पुरवून खातात. नुसतंच 'लिव्हिंग' असेल, तर कसंबसं पोट भरतात; तिथे माझं जुनं उत्तर चालतं.

हल्ली खेळाच्या पानावर संघही एका गोलाने विजय 'ईक आउट' करतात. तिथे 'निसटता विजय' लिहून मोकळं व्हावं. पीठ पेरायला तिथे काही नसतं.