तुम्ही विचारलंत म्हणून: फुलांचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट कशाला?

"अगं, देवानं एवढे रंग दिलेत आणि तू ते पुसून टाकतेस?" सोसायटीतल्या काकूंपासून कॅमेरेवाल्या मित्रांपर्यंत सगळे हेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

तर रंग पुसला जातच नाही हो. प्रत्येक रंगाचा एक करडा होतो आणि तो किती गडद व्हावा हे बरंचसं आपल्या हातात असतं, सगळी मजा तिथेच आहे. जास्वंद घ्या. लाल फूल, मागे हिरवीगार पानं, डोळ्याला केवढा फरक दिसतो, पण फोनचा साधा मोनो (म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट) फिल्टर मारला की दोन्ही जवळपास एकाच करड्यात जातात आणि फूल पानांत गडप. लाल फिल्टर लावला की फूल उजळतं, पानं काळी पडतात, दिसायला झकास, पण पाकळी सपाट होऊन जाते. म्हणून मी बहुतेकदा हिरवा लावते. फूल गडद होतं, पण पाकळीवरच्या शिरा, कडेच्या सुरकुत्या सगळं वर येतं आणि मधल्या दांडीवरचे पिवळे पराग उजळच राहतात, त्या काळसर पाकळीपुढे काय उठून दिसतात! रंगीत फोटोत त्यांच्याकडे कुणी बघतही नाही, सगळं लक्ष त्या लालभडक रंगानं खाल्लेलं असतं.

पूर्वी यासाठी लेन्सवर काचेचे फिल्टर लावायचे, आता स्नॅपसीड या फोनवरच्या ॲपमध्ये फुकटात होतं. फक्त फोटो रंगीतच काढा, नाहीतर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या सगळी माहिती जपणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये. मोनो मोडच्या जेपेगमध्ये (नेहमीच्या फोटो फाइलमध्ये) रंगाची माहितीच उरत नाही, मग नंतर काय डोंबल फिरवणार?

पांढऱ्या फुलांची गंमत वेगळी. अनंताचं फूल फ्रेमभर घेतलं की कॅमेरा ते मळकट करडं करून ठेवतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) प्लस एक. पण तीच तगर गर्द पानांत एकटी असेल तर उलट मायनस करायचं, नाहीतर पाकळ्यांचा नुसता चुना. भर उन्हात तर काढूच नका, ढगाळ दिवस नाहीतर खिडकीजवळचा उजेड बेस्ट. आणि अनंत शिळा होऊन पिवळा पडायला लागला की टाकू नका, निळा फिल्टर लावून बघा, पिवळं तेवढं गडद होतं आणि फुलाचं वय दिसायला लागतं. मला तर ताज्यापेक्षा तोच फोटो आवडतो.

कुणी म्हणतं जुन्या फोटोग्राफर लोकांकडे रंगीत नव्हतं म्हणून ते तसे काढायचे. अर्धंच खरंय. रंगीत फोटो काढायच्या ऑटोक्रोम नावाच्या काचेच्या प्लेटा 1907 पासून विकत मिळत होत्या. अमेरिकन फोटोग्राफर इमोजेन कनिंगहॅमनं 1925 मध्ये मॅग्नोलियाच्या फुलात पार आत शिरून फोटो काढला, पोरं लहान, घर सोडता येईना, म्हणून कॅलिफोर्नियातल्या आपल्याच बागेत. आणि रॉबर्ट मॅपलथॉर्प हा दुसरा अमेरिकन फोटोग्राफर 1980 च्या दशकात कॅला लिली ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढत होता तेव्हा तर रंगीत फिल्म कुठल्याही दुकानात मिळायची.

सगळ्याच फुलांना हे जमतं असं मात्र अजिबात नाही. प्राजक्ताचा केशरी देठ काढून घेतला तर उरलं काय? कासला तेरडा फुलतो तेव्हा मीपण गपगुमान रंगीतच काढते. दसऱ्याच्या झेंडूच्या ढिगाचं तर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पार भुस्काट होतं.

सुरुवात करायची तर धोतऱ्यापासून करा. रस्त्याकडेला फुकट मिळतो, पांढरा असल्यामुळे फिल्टरची भानगड नाही आणि कळी उलगडताना तिच्या चुण्या बाजूच्या उजेडात बघाच एकदा. फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा उजेड जायच्या आत गाठा. फक्त हात लावलात तर साबणानं धुवा, विषारी असतो, आणि तोच हात डोळ्याला लागला तर बाहुल्या मोठ्या होतात, लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडल्यासारख्या.