116 क्रेडिट आणि चकलीचं एक पाकीट

इग्नूमध्ये, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. एमबीएला 116 क्रेडिट आहेत, म्हणजे 3,480 तास. दोन वर्षांत उरकायचं तर आठवड्याला 33 तास लागतात, आणि कमाल मुदतीची चार वर्षं पुरती घेतली तर 17 च्या आत. नोकरी किंवा दुकान सांभाळून अभ्यास करणाऱ्याने हा भागाकार फॉर्म भरण्याआधी करावा. मी तो पहिलं सेमिस्टर अर्धं सरल्यावर केला, आणि सातपैकी चारच पेपर द्यायचे ठरवले. सगळे पेपर एका दमात देण्याची सक्ती नसते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. प्रत्यक्षात चार क्रेडिटच्या एका विषयाला मला 120 नाही, 65-70 तास लागले. हिशेबाचे विषय मात्र याला अपवाद, ते पुरे तास वसूल करतात.

प्रवेशाला पदवीत 50 टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गाला 45. सध्या वेगळी प्रवेश परीक्षा नाही. फॉर्मच्या आधी दोन नंबर तयार ठेवायचे: डिजिलॉकरमधून मिळणारा बारा अंकी एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा नंबर), आणि त्यावर यूजीसीच्या पोर्टलवर काढायचा, दूरशिक्षणासाठीचा डेब आयडी. इथे अडतं ते नावापाशी. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुतेक वेळा नाव आधी आणि आडनाव शेवटी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसराच प्रकार. एबीसी आयडी आधारवरच्या नावाने निघतो, त्यामुळे आधी आधार नीट करून घ्यावं आणि मगच पुढे जावं. उलट क्रमाने गेलं की एका स्पेलिंगपायी दोन-दोन पोर्टलांवर दुरुस्त्या करत बसावं लागतं. फोटो 100 केबीच्या आत आणि कागदपत्रं 200 केबीच्या आत लागतात. मोबाइलने काढलेला मार्कशीटचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो लहान करताना अक्षरं वाचता येतील इतपतच दाबायचा.

महाराष्ट्रात इग्नूची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत. साहित्य इंग्रजीत आहे आणि पुस्तकं यायची वाट पाहायची गरज नाही, सगळे भाग ई-ज्ञानकोशावर, म्हणजे इग्नूच्या ऑनलाइन संग्रहावर, पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. मराठीतून शिकायचं असेल तर 1989 साली स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ पाहावं. त्याचे नियम निराळे, इथलं काहीही तिकडे लावू नये.

गुणांची विभागणी सोपी आहे: असाइनमेंटला 30 टक्के, सत्रान्त परीक्षेला 70. दोन्हींत स्वतंत्र पास व्हावं लागतं, एकाचे जादा गुण दुसऱ्याच्या मदतीला येत नाहीत. पेपर उत्तम गेला आणि असाइनमेंट जमा नसेल, तर गुणपत्रकात तो विषय अपूर्णच दिसत राहतो. असाइनमेंट हाताने लिहायची. जून परीक्षेसाठी 30 एप्रिल आणि डिसेंबरसाठी 31 ऑक्टोबर या तारखा डोक्यात ठेवाव्यात. मुदतवाढ पुष्कळदा मिळते, पण तिच्या भरवशावर राहिलेला माणूस शेवटच्या आठवड्यात रात्री दोन वाजेपर्यंत पानं खरडताना दिसतो. चारच चुका पुन्हा पुन्हा होतात. मागच्या सत्राचा प्रश्नसंच सोडवला जातो, कारण विषयाचा कोड तोच असतो आणि वरच्या कोपऱ्यातलं सत्र कोणी वाचत नाही. पहिल्या पानावर एनरोलमेंट नंबरचा एखादा आकडा चुकतो. सगळे विषय एकाच फायलीत शिवले जातात, आणि तपासणारे मात्र विषयागणिक वेगळे असतात. पोच घेतली जात नाही, ही चौथी आणि सगळ्यांत महाग. मी प्रत्येक असाइनमेंटच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवत होतो आणि पोचपावती त्याच फोल्डरमध्ये. गुण पोर्टलवर उशिरा चढतात, तोवर हाच पुरावा असतो.

असाइनमेंट परीक्षेच्या आधी लिहिण्याचा खरा फायदा वेगळा आहे. पाच प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहिली की विषयाचा अर्धा अभ्यास होऊन जातो. बाजारात तयार उत्तरं मिळतात. ती उतरवणाऱ्याचं मनगट दुखतं, बाकी काही होत नाही.

परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा, विषयागणिक शुल्क, आणि परीक्षा केंद्रही तिथेच निवडायचं. अभ्यास केंद्र आणि परीक्षा केंद्र एकच असेल असं धरून चालू नये. पेपर तीन तासांचा, 100 गुणांचा. बऱ्याच विषयांत शेवटी 40 गुणांची केस, म्हणजे एखाद्या व्यवसायाचा प्रसंग देऊन त्यावर विचारलेले प्रश्न, सक्तीची असते. 180 मिनिटांत 100 गुण म्हणजे केसला 72 मिनिटं. बहुतेक जण वरून सुरुवात करतात आणि केसला पंचवीस मिनिटं उरतात. मी केस आधी सोडवायचो. केसच्या उत्तरात केसमधले आकडे आणि पात्रं यायला हवीत. नुसत्या व्याख्या लिहिल्या की परीक्षकाला कळतं की गडी केस न वाचताच निघाला.

आता उद्योजकतेचा विषय, एमएमपीसी-018. तो चौथ्या सत्रात येतो, आणि माझ्या मते हा क्रम उलटा आहे. हिशेब (एमएमपीसी-004) आणि वित्त व्यवस्थापन (एमएमपीसी-014) यांच्या शेजारी तो ठेवला असता तर तिन्ही चांगले कळले असते. त्यातला सिद्धान्ताचा भाग वाचायला सोपा आहे. अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटरचा नवप्रवर्तक, मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंडची यशाची ओढ, वगैरे. मॅक्लेलंडवर लिहिताना 1964 मधला आंध्रातल्या काकीनाड्याचा प्रयोग विसरू नये. तिथल्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या संस्थेत प्रेरणेचं प्रशिक्षण दिलं होतं, आणि पारंपरिक समजुती उद्योजकतेच्या आड येत नाहीत असं त्यातून दिसलं. आपल्याकडचं उदाहरण असल्याने उत्तराला वजन येतं.

अडतं ते व्यवसाय आराखड्यापाशी. पुस्तकातली उदाहरणं गुळगुळीत असतात, म्हणून मी एका घरगुती चकली-चिवडा युनिटची वही मागून घेतली आणि प्रत्येक प्रकरण त्या आकड्यांवर चालवलं. 200 ग्रॅम भाजणीच्या चकलीचं पाकीट दुकानदाराला 60 रुपयांना जातं. पीठ, तेल, गॅस, पाकीट, तळणाऱ्या बाईंची पाकिटामागे मजुरी मिळून 38. हाती उरतात 22. महिन्याचा ठरलेला खर्च असा: गाळ्याचं भाडं 9,000, पगारी माणूस 14,000, वीज-फोन 2,200, कर्जाचं व्याज 2,800, एकूण 28,000. (हप्त्यातली मुद्दल खर्चात धरायची नसते, पण रोखीत ती जातेच. पहिली गफलत इथे होते.) 28,000 भागिले 22, म्हणजे 1,273 पाकिटांवर ना नफा ना तोटा. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोज 49.

हे उत्तर पुस्तकाच्या हिशेबाने बरोबर आहे आणि धंद्याच्या हिशेबाने चूक. मालकिणीने स्वतःचा पगार धरलेलाच नाही. 15,000 धरले की आकडा 1,955 वर जातो, रोज 76. अजून एक गोष्ट राहते. दुकानातून शंभरातली चार पाकिटं मऊ पडली म्हणून परत येतात आणि फेकावी लागतात. मग 96 पाकिटांचे 5,760 आणि खर्च मात्र शंभरांचा, 3,800. पाकिटामागे 22 ऐवजी 19 रुपये 60 पैसे. उत्तर 2,194, रोज 85. 49 आणि 85 यांच्यात धंदा चालण्या-न चालण्याचा फरक आहे, आणि तो कुठल्याही सूत्राच्या चुकीने पडलेला नाही.

खेळत्या भांडवलाचंही, म्हणजे माल आणि उधारीत अडकणाऱ्या पैशाचंही, तसंच. कच्चा माल दहा दिवसांचा, बनवायला दोन, तयार माल सहा दिवस, दुकानदारांची उधारी तीस. वाण्याकडून आपल्याला आठ दिवसांची उधारी. 48 वजा 8, म्हणजे 40 दिवस पैसा अडकून. महिन्याचा खर्च 2,194 गुणिले 38 म्हणजे 83,372, अधिक 28,000 (मालकिणीचा पगार सोडून). दिवसाला 3,712 रुपये. चाळीस दिवसांचे सुमारे 1,48,500. हा ढोबळ आकडा थोडा जास्तच येतो, कारण पिठाच्या गोणीत अजून मजुरी पडलेली नसते. तरी त्यातून दिसायचं ते दिसतं: उधारी तिसावरून वीस दिवसांवर आणली तर 37,000 मोकळे होतात, कुठल्याही बँकेत न जाता.

हीच वही पुढे प्रोजेक्टला कामी आली. प्रोजेक्ट आठ क्रेडिटचा. आधी प्रस्ताव मंजूर करून घ्यायचा, सोबत मार्गदर्शकाचा सही केलेला बायोडेटा. मार्गदर्शकाची पात्रता आणि अनुभव याच्या अटी पुस्तिकेत दिलेल्या आहेत, त्या त्यांना विनंती करण्याआधी वाचाव्यात. होकार मिळाल्यावर अपात्र ठरले तर दोघांचाही वेळ जातो. मंजुरी आल्याशिवाय प्रश्नावली घेऊन फिरू नये, कारण प्रस्तावात बदल सुचवले तर जमवलेली माहिती निरुपयोगी होते. विषय आटोपशीर घ्यावा. ‘महाराष्ट्रातील लघुउद्योगांच्या समस्या’ हा विषय कोणाला पेलणार नाही. ‘एका तालुक्याच्या गावातील तीस किराणा दुकानदारांकडील फराळाच्या मालाची उधारी आणि परत जाणारा माल’ हा दोन महिन्यांत होतो.

दुकानदारांना सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी दोन ते चार या वेळेत गाठायचं. ‘उधारी किती दिवसांची?’ असं विचारलं की सगळे पंधरा दिवस म्हणतात. ‘मागचं पेमेंट कधी केलं, आणि ते कोणत्या तारखेच्या बिलाचं?’ असं विचारलं की खरा आकडा येतो.

अहवाल बाइंडिंगला टाकण्याआधी शीर्षक मंजूर प्रस्तावाशी शब्द न शब्द जुळवून घ्यावं, आणि मंजुरीचा मूळ कागद आत लावला आहे ना ते पाहावं. झेरॉक्स घरी, मूळ प्रत अहवालात. मी बाइंडरच्या टेबलावर हीच अदलाबदल होताना शेवटच्या क्षणी पकडली.